ओळख पटलेली असताना

सोमवार, सकाळची पहिली शिफ्ट. कापूरहोळच्या पुढे महामार्गालगतच्या एका कारखान्यात सुपरवायझर संगणक सुरू करते, पासवर्ड घालून आत येते आणि हजेरी बघायला कंपनीचं अंतर्गत संकेतस्थळ उघडते. एरवी पान सरळ उघडतं. आज मधेच एक चौकट उभी राहते आणि युजरनेम, पासवर्ड मागते. ती मघाचाच पासवर्ड घालते. चौकट जाते आणि लगेच परत येते. तिसऱ्या खेपेनंतर कोरं पान उघडतं आणि त्यावर ४०१ हा आकडा असतो. ती फोन करते आणि सांगते, "सर, माझा पासवर्ड उडालाय."

पासवर्ड उडालेला नसतो. पाच मिनिटांपूर्वी त्याच पासवर्डाने ती संगणकात शिरलेली असते.

शिंदेवाडी-वेळूपासून सारोळ्यापर्यंत भोर तालुक्यातून महामार्ग जातो. त्याच्या कडेने कारखाने आणि गोदामं उभी आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचं मुख्य कार्यालय आणि मुख्य सर्व्हर पुण्याला, मुंबईला किंवा त्याहून लांब असतो. चेलाडी फाट्यावरून आत वळलं की नसरापूर, मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याला पोचतो. या तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे. त्या बाजूला कारखाने कमी आणि पतसंस्था, शाळा, कचेऱ्या, शाखा जास्त. दोन्हीकडची संगणकांची कामं करताना ही एक तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. तिच्यावरचा सर्वांत वाईट उपायही तितक्याच वेळा पाहिला आहे: पासवर्ड बदलून द्यायचा, दोन दिवस गप्प बसायचं, आणि चौकट परत आली की पुन्हा बदलून द्यायचा. खरं विचारायचं ते वेगळंच असतं. तुमची ओळख सकाळीच पटली होती; मग त्या ओळखीची साक्ष या दारापर्यंत का पोचली नाही?

साक्ष हा शब्द मी मुद्दाम वापरतो. भोर हे सचिवांचं संस्थान. अष्टप्रधानांत सचिवाकडे राजपत्रं तपासण्याचं काम होतं. मजकुरातलं अधिकउणं दुरुस्त करायचं आणि पत्र संमत झाल्याची खूण त्यावर करायची. पत्र लांबच्या गडावर पोचलं, की ते घेऊन आलेला माणूस गडावरच्या अधिकाऱ्याच्या ओळखीचा असण्याची गरज उरत नसे. खूण ओळखीची असली की पुरे. पत्र नेणारा, दार राखणारा आणि दोघांचाही ज्याच्यावर विश्वास आहे असा तिसरा, अशी ती व्यवस्था होती.

कंपनीच्या जाळ्यात ओळख पटवण्याची आजची मुख्य पद्धत याच तिघांवर उभी आहे. तिचं नाव कर्बेरॉस. ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या राखणदार कुत्र्यावरून ते घेतलं आहे. नीडहॅम आणि श्रोडर या दोघांनी १९७८ साली मांडलेल्या कल्पनेवर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत, १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पात ती घडली. पाचवी आवृत्ती १९९३ साली जाहीर झाली आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने तीच आपल्या जाळ्याचा पाया केली. सकाळी तुम्ही संगणकात शिरता तेव्हा डोमेन कंट्रोलर नावाचा सर्व्हर तुम्हाला एक मुख्य पास देतो. ठरावीक मांडणीत तो १० तास चालतो आणि ७ दिवसांपर्यंत त्याचं नूतनीकरण होतं. पुढे हजेरीचं पान उघडायचं असलं की तुमचा संगणक तो मुख्य पास दाखवून फक्त त्या पानापुरता वेगळा गेटपास मागून घेतो. हा गेटपास अशा कुलपात बंद असतो, की ते फक्त हजेरीच्या सर्व्हरलाच उघडता येतं. या सगळ्यात तुमचा पासवर्ड हजेरीच्या सर्व्हरपर्यंत कधीच जात नाही. व्यवस्थेचं सगळं मोल त्यातच आहे.

हे पडद्यामागे चालतं. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर ४०१ म्हणजे 'ओळख दाखवा' असं उत्तर देतो, ब्राउझर मुकाट्याने गेटपास पुढे करतो आणि पान उघडतं. म्हणून सर्व्हरच्या नोंदींमध्ये निरोगी दिवशीही ढीगभर ४०१ दिसतात. नवा माणूस ते पाहून घाबरतो, घाबरू नये. गेटपास मिळाला नाही तर ब्राउझर एनटीएलएम ही जुनी पद्धत वापरून बघतो. तीही चालली नाही, किंवा या दाराला ओळख द्यायचीच नाही असं ब्राउझरने ठरवलं, की मग तो माणसाला विचारतो. ती चौकट म्हणजे हे शेवटचं विचारणं.

तेव्हा मी फोनवर पहिल्यांदा विचारतो, "तुम्हालाच येतंय की सगळ्यांना?" मग विचारतो, "चौकटीत वर कोणतं नाव लिहिलंय?" चौकटीवर मागणाऱ्या सर्व्हरचं नाव असतं. ते बहुतेक जण वाचत नाहीत, कारण ते इंग्रजीत असतं आणि लक्ष पासवर्डाच्या रकान्याकडे असतं. या दोन उत्तरांत निम्मं निदान होतं. एकीलाच येत असेल तर दोष तिच्या संगणकात किंवा खात्यात असतो. सगळ्यांना एकाच सकाळी येऊ लागलं तर तो सर्व्हरवर असतो. एका शाखेतल्या सगळ्यांना येत असेल तर लाइनीत.

आधी नावाचं पाहू, कारण तिथे सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त होणारी चूक आहे. तुमची ओळख मागणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळाला ती देत सुटणं ब्राउझरला परवडणारं नाही. आतलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे त्याला ठरवावं लागतं. इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने १९९७ साली यासाठी विभाग पाडले, आणि 'आतलं' ओळखायची एक सोपी खूण ठेवली: नावात टिंब नसेल तर ते आतलं. नुसतं 'हजेरी' असं लिहिलं तर आतलं. 'हजेरी टिंब कंपनी टिंब कॉम' असं पूर्ण नाव लिहिलं तर बाहेरचं, मग तो सर्व्हर शेजारच्या खोलीत का असेना. आकड्यांचा पत्ता लिहिला तर त्यातही टिंबं असतात, म्हणजे तोही बाहेरचा. शिवाय गेटपास नावावर निघतो, आकड्यांवर सहसा निघत नाही. तेव्हा आकड्यांनी गेलं की दोन्हीकडून अडतं. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण ते विभाग विंडोजमध्ये तसेच आहेत. एज आणि क्रोम आजही, वेगळी यादी दिलेली नसेल तर, त्यांनाच विचारतात. फायरफॉक्सचं वेगळं आहे. तो विभाग मानत नाही. विश्वासाच्या नावांची यादी त्याला वेगळी द्यावी लागते.

यातून होतं काय? कंपनी एखाद्या शनिवारी संकेतस्थळ सुरक्षित जोडणीवर नेते, प्रमाणपत्रासाठी पूर्ण नाव वापरते, आणि सोमवारी सगळ्या शाखांत चौकटी उगवतात. कोणाचंच काही बिघडलेलं नसतं. नव्या नावात टिंबं आली आणि ते नाव आतल्या यादीत घालायचं राहिलं, एवढंच. ही यादी मुख्य कार्यालयातून डोमेनच्या धोरणाने सगळ्या संगणकांवर एकदम घालता येते. ती तशीच घालावी. एकेका संगणकावर जाऊन हाताने घातलेली यादी पुढचा संगणक बदलला की हरवते. अजून एक गोष्ट, कारण तिने माझा एक पूर्ण दिवस घेतला होता: क्रोमची खासगी खिडकी मूळ मांडणीत अशी ओळख आपणहून देतच नाही. 'स्वच्छ ब्राउझरमध्ये तपासून बघू' म्हणून खासगी खिडकी उघडली तर निरोगी संगणकावरही चौकट येते आणि माणूस नसलेल्या आजाराच्या मागे लागतो.

आता आपल्या भागाचं दुखणं. सह्याद्रीच्या या कडेला पाऊस जोराचा. लाइट जाते, येते, पुन्हा जाते. यूपीएसच्या बॅटऱ्या थकलेल्या असतात. केबल कुठे रस्त्याच्या कामात तुटते, कुठे झाड पडून. मुख्य सर्व्हर पुण्याला असलेल्या शाखेत या सगळ्याचा थेट परिणाम ओळखीवर होतो. लाइन बंद असताना सुपरवायझर संगणक सुरू करते आणि तरी विंडोज तिला आत घेतं. कसं? मागच्या वेळी पटलेल्या ओळखीची खूण संगणकाने स्वतःजवळ जपून ठेवलेली असते. मूळ मांडणीत अशा १० खात्यांच्या खुणा जपल्या जातात. सोय चांगली आहे, पण या वाटेने आत आलेल्याला डोमेन कंट्रोलर भेटलेलाच नसतो, म्हणजे मुख्य पास मिळालेला नसतो. दहा वाजता लाइन येते. पडद्यावर सगळं नेहमीसारखं दिसतं, आणि अंतर्गत पान उघडलं की चौकट. यावरचा उपाय इतका सोपा आहे की लोकांना खरा वाटत नाही. लाइन आल्यावर संगणक लॉक करायचा आणि आपला पासवर्ड घालून पुन्हा उघडायचा. त्या क्षणी डोमेन कंट्रोलरची भेट होते आणि नवा पास हाती येतो. हातात पास आहे की नाही हे केलिस्ट या आज्ञेने कोणालाही बघता येतं. यादी रिकामी आली तर संकेतस्थळाला दोष देण्यात अर्थ नाही.

घरून काम करणाऱ्यांचंही तेच. २०२० च्या टाळेबंदीत गावी आलेले कितीतरी जण आधी लॅपटॉपमध्ये शिरत आणि मग व्हीपीएन जोडत. तो क्रमच असा होता, की शिरताना डोमेन कंट्रोलर दिसणं शक्य नव्हतं. पिन घालून किंवा बोट टेकवून शिरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. कंपनीच्या जाळ्याने पिनवर विश्वास ठेवण्याची जोडणी केलेली नसेल, तर पिन लॅपटॉपापुरती चालते आणि कंपनीच्या दाराशी पासवर्डच मागितला जातो.

लाइट गेल्याचा दुसरा परिणाम घड्याळावर होतो, आणि तो ओळखायला जास्त कठीण. कर्बेरॉसच्या गेटपासावर वेळ असते, म्हणजे कोणी जुना पास चोरून पुन्हा वापरू शकत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंची घड्याळं जुळायला हवीत, आणि मूळ मांडणीत ५ मिनिटांपर्यंतचा फरक खपवून घेतला जातो. संगणक बंद असताना त्याचं घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर चालतं. सीआर २०३२ असा त्याचा क्रमांक, भोरच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतो. हा सेल पाच-सात वर्षांत संपतो. सतत वीज असलेल्या कार्यालयात तो संपल्याचं कळतही नाही. जिथे दर दोन दिवसांनी वीज पूर्ण जाते तिथे संगणक उठतो तो बोर्ड बनला त्या साली. डोमेनमधला संगणक डोमेन कंट्रोलरशी बोलून घड्याळ सुधारून घेतो, पण त्यासाठी लाइन हवी, आणि वीज गेली त्या सकाळी नेमकी लाइनही नसते. विंडोज हा फरक बऱ्याचदा स्वतःच सांभाळून घेतं, म्हणून चूक कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि 'आपोआप बरं झालं' असं लोक म्हणतात. डोमेनबाहेरच्या साध्या संगणकाला तर मूळ मांडणीत १५ तासांपेक्षा मोठी चूक आपणहून सुधारायची मुभाच नसते. पतसंस्थेतल्या अशा संगणकावर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रंही 'अजून सुरूच झालेली नाहीत' म्हणून नाकारली जातात. सकाळी एकाच वेळी प्रमाणपत्राच्या सूचना आणि पासवर्डाच्या चौकटी दिसल्या, तर मी आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगतो.

घड्याळात एक आणखी फसवी चूक असते. संगणकाचा कालपट्टा अमेरिकेचा राहिलेला असतो, आणि कोणीतरी काटे हाताने फिरवून भारतीय वेळ दाखवायला लावलेली असते. कोपऱ्यात वेळ अगदी बरोबर दिसते. पण गेटपासावरची वेळ जागतिक वेळेत मोजतात, आणि त्या हिशेबाने हा संगणक अर्धा दिवस चुकलेला असतो. तारीख वाचायला सांगून हे सापडत नाही. कालपट्टाच बघावा लागतो.

घड्याळाच्या बाबतीत आपल्याकडे आता कायद्याचाही आधार आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळती ठेवावीत आणि नोंदी १८० दिवस सांभाळाव्यात असं म्हटलं आहे. तो नियम गुन्ह्यांच्या तपासासाठी केला, पण त्याचा रोजचा फायदा अशा शाखांना होतो. ज्या कंपनीने तो मनापासून पाळला तिथे घड्याळाच्या चौकटी मला दिसल्या नाहीत.

एकट्या माणसाला येणाऱ्या चौकटीमागे सर्वांत जास्त वेळा जुना, साठवलेला पासवर्ड असतो. पहिल्यांदा चौकट आली तेव्हा कोणीतरी 'लक्षात ठेवा' या खुणेवर टिचकी मारलेली असते. विंडोज तो पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजर या कपाटात ठेवतं. तीन महिन्यांनी कंपनीच्या नियमाने पासवर्ड बदलतो, पण कपाटातला जुनाच राहतो. पुढे त्या सर्व्हरकडे जाताना विंडोज आधी कपाट उघडतं, जुना पासवर्ड पुढे करतं, नकार मिळतो आणि चौकट येते. असं काही वेळा झालं की खातंच बंद पडतं. जुना पासवर्ड धरून बसलेला मोबाइलवरचा मेलही हेच करतो. कपाट उघडून ती एक नोंद काढून टाकली की प्रश्न सुटतो. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणारा नियम मला यासाठी अजिबात मान्य नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनातच असा सक्तीचा नियमित बदल करू नये म्हटलं, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून तो काढला. आपल्याकडच्या कंपन्यांमध्ये तो अजून टिकून आहे, आणि दर तिमाहीला चौकटींची एक लाट आणतो.

याच ठिकाणी मराठीचीही एक गोष्ट येते. मराठीत टंकलेखन करणाऱ्या कार्यालयात कळफलक मराठीवर राहून जातो. पासवर्डाच्या रकान्यात नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरी अक्षरं टाइप करतोय हे कळायला मार्ग नसतो. बरोबर पासवर्ड तीन वेळा चुकतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलून बघा, एवढं मी वेल्ह्याच्या बाजूच्या प्रत्येक फोनवर सांगतो.

सर्व्हरवरची कारणं वापरणाऱ्याच्या हातात नसतात, पण चौकट मात्र त्याच्याच पुढ्यात येते. त्यांतलं सर्वांत मोठं कारण नोंदणीचं. गेटपास ज्या नावावर निघतो ते नाव डोमेनच्या वहीत कोणत्या तरी खात्यापुढे लिहिलेलं असतं, आणि त्याच खात्याच्या गुपिताने पासाला कुलूप लागतं. हजेरीचं काम सर्व्हरवर उद्या दुसऱ्या खात्याने सुरू झालं आणि वहीत जुनंच खातं राहिलं, तर पास जुन्या कुलपात बंद होऊन येतो आणि नव्या खात्याला तो उघडत नाही. एकच नाव दोन खात्यांपुढे लिहिलं गेलं तर पास निघतच नाही. पहिल्या प्रकारात माणसाने बरोबर पासवर्ड घातला तरी ब्राउझर पुन्हा त्याच चुकीच्या कुलपाचा पास घेऊन जातो, म्हणून चौकट तीनदा येते आणि मग ४०१. सुरुवातीला सांगितलेल्या सुपरवायझरचं दुखणं हेच होतं. शनिवारी मुख्य कार्यालयात सेवेचं खातं बदललं होतं. तिथल्या माणसाने स्वतः सर्व्हरवर बसून पान उघडून बघितलं होतं, आणि त्याला चौकट आली नव्हती, कारण स्वतःच्याच यंत्रावर ओळख वेगळ्या वाटेने पटते. वहीतली नोंद सेटएसपीएन या आज्ञेने पाहिली तर दोन मिनिटांत सापडते. तिच्यापर्यंत पोचायला मात्र अर्धा दिवस गेला, आणि त्यातला बराच वेळ शाखेतल्या चौदा जणांचे पासवर्ड बदलण्यात गेला होता.

उलटही घडतं. २००५ मध्ये विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकसोबत एक सुरक्षा-तपासणी आली. सर्व्हरवर बसून त्याच सर्व्हरला दुसऱ्या नावाने हाक मारली, तर ती ओळख नाकारते. मग शाखांमध्ये सगळं ठीक असतं आणि फक्त तपासणाऱ्यालाच चौकट दिसते. या तपासणीला पूर्ण बंद करण्याची युक्ती जिथे-तिथे सांगितली जाते. ती करू नये. जे नाव वापरायचं तेवढंच यादीत घालण्याची सोय आहे.

फाइलींच्या परवानगीचं एक प्रकरण सांगतो, कारण त्यात चुकीचा संशय कोणाकोणावर जातो ते दिसतं. एका कार्यालयाच्या अंतर्गत पानावर शिवजयंतीसाठी नवं चित्र लावलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना चौकट. पण ती रद्द केली की पान व्यवस्थित दिसे, फक्त चित्राची जागा रिकामी. चित्र लावणाऱ्याने ते आपल्या खासगी फोल्डरातून कापून सर्व्हरच्या फोल्डरात चिकटवलं होतं. एकाच डिस्कवर फाइल कापून हलवली की ती जुन्या फोल्डरातल्या परवानग्या सोबत घेऊन येते. नक्कल केली तर नव्या फोल्डरातल्या परवानग्या घेते. म्हणजे ते चित्र बघायची परवानगी एकट्या त्या माणसालाच होती. बाकी सगळ्यांकडे सर्व्हर एका चित्रासाठी पासवर्ड मागत होता, आणि संशय इंटरनेटवर, अँटिव्हायरसवर, शेवटी पुण्याच्या लाइनीवर गेला होता. सर्व्हरच्या नोंदीत ४०१ च्या पुढे पोट-क्रमांक असतो. ४०१.१ म्हणजे ओळखच पटली नाही, ४०१.३ म्हणजे ओळख पटली पण फाइलीची परवानगी नाही. तो एक आकडा वाचला असता तर दोन दिवस वाचले असते.

दोन सर्व्हरांची साखळी हा जुना, ठाऊक असलेला विषय आहे. पान एका यंत्रावर आणि अहवाल दुसऱ्या यंत्रावर असला, की पहिलं यंत्र तुमच्या नावाने दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही. तशी परवानगी नेमून द्यावी लागते. मध्ये प्रॉक्सी किंवा भार वाटणारं यंत्र असलं तर एनटीएलएम मोडते, कारण ती एकाच सलग जोडणीशी बांधलेली असते. प्रॉक्सीच्या चौकटीचा क्रमांक ४०७ असतो, ४०१ नव्हे, आणि तेवढ्यावरून ती ओळखावी. वर्ड, एक्सेलच्या फाइली पानावरून उघडताना येणारी चौकट ब्राउझरची नसते, विंडोजच्या वेगळ्या सेवेची असते. तिला आपली वेगळी यादी लागते. कधी दोष खुद्द उत्पादकाकडून येतो. ८ नोव्हेंबर २०२२ च्या सुधारणांनंतर काही मांडण्यांत कर्बेरॉसच अडलं आणि मायक्रोसॉफ्टला १७ तारखेला वेगळी दुरुस्ती काढावी लागली. त्या नऊ दिवसांत आपल्याकडे किती पासवर्ड उगाच बदलले गेले असतील, या विचाराने मला वाईट वाटतं.

आता पुष्कळ कंपन्यांची अंतर्गत स्थळं क्लाउडवर गेली आहेत. तिथे ओळख कुकीत आणि टोकनात असते, आणि चौकटीच्या जागी पूर्ण पानाचं लॉगिन येतं. कारणं बदलली तरी घडण तीच. २०२० च्या फेब्रुवारीत क्रोमच्या ८० व्या आवृत्तीपासून एका स्थळाची कुकी दुसऱ्या स्थळाच्या विनंतीसोबत पाठवण्याचे नियम कडक होत गेले, आणि एका पानाच्या आत दुसरं पान दाखवणाऱ्या जुन्या पोर्टलांमध्ये माणसं लॉगिनच्या फेऱ्यात अडकली. साक्ष होती, पण ब्राउझरने ती दारापर्यंत नेली नाही.

हे सगळं तपासण्यात वेळ का घालवायचा, पासवर्ड पुन्हा घालून काम होतंय ना, असं मला व्यवस्थापक विचारतात. काम होतं. पण ज्या कार्यालयात दिवसातून चार वेळा विनाकारण चौकट येते तिथली माणसं ती वाचणं सोडून देतात. पाचवी चौकट कोणाची आहे हे ती बघत नाहीत. १५ जुलै २०२० ला चोर ट्विटरच्या यंत्रणेत शिरले, त्याची चौकशी न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने केली. चोरांनी कर्मचाऱ्यांना आयटी विभागातून बोलतोय असं सांगून फोन केले होते, व्हीपीएनची अडचण सोडवतो म्हणाले, आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या लॉगिन पानावर पासवर्ड घालायला लावले. व्हीपीएनच्या अडचणी तेव्हा रोजच्याच होत्या, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी माणसाच्या फोनवर मंजुरीच्या सूचनांचा मारा झाला आणि शेवटी त्याने एक मान्य केली. आपल्या सुपरवायझरला तीच सवय आपण लावतो आहोत. चूक तिची नाही.

याच कारणाने काही प्रचलित उपायांना माझा विरोध आहे. सगळ्या संकेतस्थळांना 'आतलं' ठरवून टाकलं की चौकट जाते खरी, पण मग ब्राउझर बाहेरच्या कोणत्याही दाराला कंपनीची ओळख दाखवू लागतो. सर्व्हरवर सगळ्या पद्धती बंद करून बेसिक ही पद्धत ठेवली की चौकट निदान अपेक्षित तरी होते. पण त्या पद्धतीत पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, आणि सुरक्षित जोडणी नसेल तर वाटेत कोणीही वाचू शकतो. फाइलीला 'सर्वांना सर्व परवानगी' देणं त्याच जातीचं.

पुढची काही वर्षं या चौकटी वाढतील असं मला दिसतं. मायक्रोसॉफ्टने जून २०२४ मध्ये एनटीएलएम कालबाह्य ठरवली, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून आणि विंडोज सर्व्हर २०२५ मधून तिची पहिली आवृत्ती काढूनही टाकली. निर्णय योग्य आहे. ती पद्धत कमकुवत आहे. पण आपल्या भागातल्या कितीतरी जोडण्या आज कर्बेरॉस चुकत असूनही तिच्याच आधारावर चालल्या आहेत, आणि ते कोणाला ठाऊक नाही. आकड्यांच्या पत्त्याने जतन केलेले बुकमार्क, वहीत नोंद नसलेली जुनी हजेरी-प्रणाली, कोणी तरी दहा वर्षांपूर्वी बसवून गेलेला स्कॅनर, हे सगळं एनटीएलएमवर टेकलेलं असतं. ती काढली की एके सोमवारी सगळीकडे एकदम चौकट येईल. विंडोज सर्व्हरमध्ये एनटीएलएमच्या वापराची नोंद ठेवायची सोय आहे, काहीही बंद न करता. गेल्या पावसाळ्यात महामार्गालगतच्या एका कारखान्यात आम्ही ती महिनाभर चालू ठेवली. हजेरीच्या संगणकाकडून येणाऱ्या जवळजवळ सगळ्या विनंत्या त्यात होत्या. बुकमार्कमधला आकडी पत्ता काढून तिथे नाव घातलं, ते नाव वहीत नोंदवलं, आतल्या यादीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी केलिस्टमध्ये हजेरीच्या नावाचा गेटपास दिसला.